आजोबांचं ‘आम्स्टरडॅम’ आणि गिरगावचे बाइंडर काका : साडेचार स्टार

आधीच सांगून टाकते, काकांचं नाव आणि नंबर मागू नका. रिव्ह्यू लिहू का असं मी त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले लिहा ताई पण नाव नको, आठ पुस्तकं आधीच पडलीयत आणि एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. त्यामुळे हा बिननावाचा रिव्ह्यू आहे. पण माळ्यावर जुनं पुस्तक पडलेलं असेल, मग ते कुठल्या का लिपीतलं असेना, तर वाचा, आणि नंबर नाही मिळाला तरी कुणाकडे जायचं नाही एवढं तरी कळेल.

आधी पुस्तकाबद्दल. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, भायखळ्याला राहतो. आजोबांनी पन्नासच्या दशकात एका बगदादी ज्यू कुटुंबाकडून शिसवी कपाट घेतलं, ते लोक सगळं विकून लंडनला चालले होते, आणि कपाटाच्या खालच्या खणात हे पुस्तक निघालं. आजोबा परत द्यायला गेले तर ते म्हणाले ठेवा, आमच्या सामानात जागा नाही. दीड वीत उंच, उचलायला दोन्ही हात लागतात, चामड्याचं कव्हर सुकून भाकरीच्या पापुद्र्यासारखं झालेलं. घरात त्याचं नावच ‘आम्स्टरडॅम’, कारण पहिल्या पानावर सगळ्यात मोठ्या ठळक हिब्रू अक्षरांत तेच लिहिलंय. लहानपणी आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती आणि जमिनीवर ठेवणं तर सोडाच, त्याच्यावर दुसरं पुस्तक ठेवलं तरी आजी ओरडायची.

आत आहे तो शुल्खान आरूखचा ‘योरे देआ’ हा भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ज्यू धर्मशास्त्राचे नियम योसेफ कारो नावाच्या विद्वानांनी आताच्या इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावात बसून चार भागांत लावले, १५६३ ला लिहून झालं आणि १५६५ ला व्हेनिसमध्ये पहिल्यांदा छापलं. शुल्खान आरूख म्हणजे मांडलेलं टेबल, आपल्या भाषेत ‘पान मांडलंय, या बसा’. मग पोलंडमधल्या क्रॅकोचे मोशे इसर्लिस, ज्यांना सगळे रेमा म्हणतात, त्यांनी त्यांच्या भागातल्या चालीरीती त्यात टिपा म्हणून घातल्या आणि त्या टिपांना नाव पडलं टेबलक्लॉथ. योरे देआत ४०३ कलमं आहेत, जनावर कापायचं कसं इथून सुरुवात होते, मग मटण-दूध वेगळं, नवस, दानधर्म, मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायची वचनांची गुंडाळी), सुतक, सगळं. पानाच्या मधोमध कारो आणि रेमा, आणि दोन बाजूंना दोन मोठ्या टीका, म्हणजे समजावून सांगणारी भाष्यं, एक ताझ आणि एक शाख (लिहिणाऱ्यांनाही याच नावांनी ओळखतात). रेमाच्या टिपा आणि या टीका छापल्यायत रशी लिपीत, म्हणजे मोडी आणि बाळबोधीत जसा फरक तसाच समजा, भाषा तीच पण वळण असं की माझ्यासारखी, जिचं हिब्रू प्रार्थनेपुरतंच, ती गपगार. गंमत म्हणजे अकराव्या शतकातल्या रशी नावाच्या ज्या टीकाकारांचं नाव तिला आहे त्यांनी ही लिपी कधी वापरलीच नाही, छापखान्यांनी स्पेनकडच्या हस्ताक्षरावरून टाइप पाडले आणि १४७५ ला इटलीत रशींची टीका त्यात छापली, तेव्हापासून नाव चिकटलं.

तर गेल्या वर्षी माळ्यावरून काढलं तेव्हा कणा सुटलेला, पहिली काही पानं मोकळी, आणि किड्याने एक बोगदा केलेला, पहिल्या पानापासून थेट ऐंशीव्या पानापर्यंत, मेट्रोवाल्यांना लाजवेल असा सरळ. भाऊ म्हणाला आधी किंमत काढू मग खर्च करू. इथेच चुकलो.

एक ऑनलाइन व्हॅल्युएशनवाले सापडले (नाव नको, वकिलाच्या नोटिसा कोण वाचत बसेल). फोटो पाठवा, ४,५०० रुपये भरा, पाच दिवसांत सर्टिफिकेट. भरले. आलं सर्टिफिकेट, सोनेरी बॉर्डरवालं, की हे पुस्तक १५६५ च्या पहिल्या आवृत्तीचं अतिदुर्मिळ आहे, सेन्सॉरने शाईने खोडल्याच्या खुणा आहेत, आणि किंमत अशी लिहिली की भावाने त्या रात्री ठाण्यात टू बीएचके बघायला सुरुवात केली, खोटं नाही सांगत, लिंका पाठवत होता मला रात्री दीडला.

मी मात्र ते सर्टिफिकेट आणि फोटो आतेभावाला इस्रायलमध्ये अश्दोदला पाठवले. तो तिकडे येशिवात, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाळेत, काही वर्षं शिकलेला, मराठी आपल्यापेक्षा जुनं बोलतो. त्याचा लगेच व्हॉइस मेसेज, अर्धा मेसेज नुसता हसण्यात. ‘अगं, १५६५ चं पुस्तक म्हणतायत आणि त्यात ताझ आहे, शाख आहे! ताझ जन्माला आला १५८६ च्या सुमारास आणि शाख १६२१ ला. दोघांच्या योरे देआवरच्या टीका पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या १६४६ ला, एक लुब्लिनला, एक क्रॅकोला, त्या वेळी शाखचं वय पंचविशीच्या आसपास. म्हणजे जे अजून जन्मायचे होते त्यांची टीका आधीच छापून तयार!’ रेमाच्या टिपासुद्धा १५६५ च्या व्हेनिसच्या प्रतीत नसतात म्हणे, त्या क्रॅकोला १५७० च्या आसपास पुस्तकात आल्या. थोडक्यात, पुस्तक नुसतं उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं. व्हॅल्युएशनवाल्यांनी गूगलला पुस्तकाचं नाव टाकलं, पहिलं साल आलं ते लिहिलं, बास. आणि सेन्सॉरची शाई? इटलीत तालमूद हा ज्यूंचा मोठा धर्मग्रंथ जाळला १५५३ ला, त्यानंतर ज्यू पुस्तकं खरंच तपासली जायची, नको ते शब्द काळे करायचे, शेवटच्या पानावर सही करायचे, हे सगळं बरोबर. पण आमच्या पुस्तकावरचा डाग हा माझ्या आत्याने १९६२ ला दौत सांडलेली त्याचा आहे, तिला त्याबद्दल मार पडलेला आख्ख्या खानदानाला पाठ आहे.

मग मी म्हणलं, बरं ते जाऊ दे, आम्स्टरडॅम तरी खरं ना? तो म्हणाला पहिल्या पानाचा जवळून फोटो काढ, त्या मोठ्या शब्दाच्या वर काय आहे बघ. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर त्या शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या टाइपात एक शब्द, ‘बेओतियोत’. म्हणजे ‘च्या अक्षरांत’. पूर्ण वाचायचं ‘आम्स्टरडॅमच्या अक्षरांत’ छापलेलं! आम्स्टरडॅमच्या हिब्रू छपाईचं तेव्हा इतकं नाव होतं की युरोपात दुसरीकडचे छापखानेवाले तसल्या वळणाचा टाइप वापरायचे आणि शहराचं नाव हे एवढं मोठं छापायचे, बाकीचं बारीक. आपल्याकडे ‘मेड अ‍ॅज जपान’ म्हणून ट्रान्झिस्टर मिळायचे तसलाच प्रकार. खरं गाव खाली छोट्या अक्षरात असतं, आणि नेमकं तिथेच किड्याने खाल्लंय. सत्तर वर्षं घरात ज्याला आम्स्टरडॅम म्हणलं ते कुठलं कोण जाणे.

सालही असंच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, तर साल सरळ न लिहिता एखादं वचन छापतात आणि त्यातली काही अक्षरं मोठी करतात, त्यांची बेरीज करायची, हजार धरायचे नाहीत आणि १२४० मिळवले की इंग्रजी साल. आपल्या जुन्या पोथ्यांत चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २ असं शब्दांत साल लिहायचे ना, त्याच घरातली युक्ती. आमच्याकडे सात मोठी अक्षरं, एक किड्याच्या पोटात, उरलेल्यांची बेरीज ५०० च्या थोडी वर. म्हणजे १७४० च्या आधीचं नाही, नंतरचंच. बहुतेक अठराव्या शतकातलं, जुनं आहे, पण टू बीएचके नाही. भावाने दोन दिवस फोन उचलला नाही.

आता बाइंडिंग. आधी एका नेहमीच्या बाइंडिंगवाल्याकडे गेले होते, थीसिस वगैरे करतात ते. नशीब की मोठं पुस्तक नाही दिलं, ट्रायल म्हणून आजीचं प्रार्थनेचं छोटं पुस्तक दिलं, हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेलं. दोन दिवसांत १८० रुपयांत चकाचक करून दिलं, रेक्झिनचं कव्हर, आणि कटिंग मशीनला लावून तिन्ही बाजू सारख्या केलेल्या. त्या समासात आजीने घरातल्यांच्या मृत्यूच्या तारखा लिहिल्या होत्या, आता प्रत्येक नावाचं अर्धं अक्षर गेलंय. वर कव्हर लावलं उलटं! हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यांनी इंग्रजीसारखं बांधलं, आता पुस्तक शेवटाकडून उघडतं. मी बोलले तर म्हणे मॅडम एवढं क्लीन करून दिलं नि तुम्ही ओरडता. मी काही ओरडले नाही, खाली उतरून रस्त्यावर रडले.

काकांचं नाव मिळालं ते काळा घोड्याजवळच्या एका लायब्ररीत काम करणाऱ्या मैत्रिणीकडून. गिरगावात चाळ, दुसरा मजला, बाहेरच्या खोलीत एक सागवानी टेबल, एक लोखंडी प्रेस, खिडकीत शिवणाची चौकट. बाकी रिकामं. आधी मला वाटलं कामच नसावं. नंतर कळलं त्यांना टेबलावर एका वेळी एकच पुस्तक लागतं.

पहिल्या दिवशी पुस्तक हातातच घेतलं नाही. हात धुतले, पुसले, पाच मिनिटं पंख्याखाली सुकवले, मग उघडलं. मी म्हणलं ग्लोव्ज नाही घालत? म्हणाले ग्लोव्ज घातले की पान फाटतंय हे बोटाला कळत नाही. एक पान खिडकीकडे उजेडात धरलं आणि मला बोलावलं, ‘बघा ताई, उभ्या रेघा दिसतायत? हा चिंध्यांचा कागद, जुने कपडे कुटून केलेला. हा तुमच्या नातवालाही पुरेल. माझ्या शाळेच्या सर्टिफिकेटचा कागद बघाल तर हात लावताच पापड.’ आणि खरंच, अडीचशे वर्षांचं पान ते बोटावर वाकवतात नि ते मऊ सुती कापडासारखं वाकतं, आणि आमच्याच कपाटातल्या १९४० च्या कादंबऱ्या चुरा झाल्यायत. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो आतून जळत जातो, हे तेव्हा कळलं.

मग मी लिस्ट दिली: डाग काढा, पेन्सिलीचं खोडा, पानं पांढरी करा, लॅमिनेशन करता येईल का. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला ‘नाही’ म्हणाले. भोकं तरी बुजवा? जिथे पान फाटत जाईल तिथेच. चामडं नवं? जुनंच वापरायचं, जिथे नाही तिथे खालून आधार. फेविकॉल बघून तर त्यांना शिंका येत असाव्यात. गव्हाच्या पिठातलं नुसतं सत्त्व काढून केलेली खळ, आणि जपानी टिश्यूच्या पातळ पट्ट्या. ‘उद्या माझ्यापेक्षा हुशार कुणी आला तर त्याला माझं काम पाण्याच्या बोटाने काढता आलं पाहिजे.’ हे ऐकून मी गप्प बसले आणि ॲडव्हान्स दिला.

एक गोष्ट मात्र मी डोळ्याने बघितली म्हणून विश्वास बसला. काकांना हिब्रूचं एक अक्षर येत नाही. मोकळी पानं लावायची होती, मी म्हणलं मी नंबर वाचून देते, अक्षरांत असतात. म्हणाले थांबा. प्रत्येक पानाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द असतो, जो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो, जुळणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. काका त्या शब्दाचा आकार बघायचे, पुढच्या पानाच्या डोक्यावर तोच आकार शोधायचे, चित्र जुळवल्यासारखं. दोनशे-अडीचशे पानं अशी तपासली आणि मधे एका ठिकाणी थांबून म्हणाले, ‘ही दोन पानं आधीच्या बाइंडरने उलटसुलट लावलीयत.’ मी आतेभावाला फोटो पाठवले. बरोबर होतं. लंडनला गेलेल्या त्या घरात कोणी वाचत असेल तर त्यांनी किती वर्षं तिथे ठेच खाल्ली असेल देव जाणे.

आता मुख्य किस्सा, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. कलम ८७, मटण आणि दूध. तिथे रेमाची एक टीप आहे की बदामाच्या दुधात मटण शिजवायचं असेल तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला वाटू नये की हे खरंच दुधात शिजवलंय. आता आमच्याकडे बदामाचं दूध कोण करणार, आमचं सगळं नारळाच्या रसात, मटणही आणि गोडही. तर त्या टिपेशेजारी समासात आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘नारळ?’ बास, एवढंच, आणि खाली, ‘जुन्या मशिदीत हजानसाहेबांना विचारणे.’ (हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, जुनी मशीद म्हणजे मांडवीचं १७९६ चं.) हीच ती पेन्सिल, जी मी खोडून घ्यायला निघाले होते. मला तोवर माहीतच नव्हतं की आजोबांना रशी लिपी वाचता यायची. ते गिरणीत जॉबर होते.

त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यावर कुणीतरी वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलेली होती, फाटलं होतं म्हणून. काकांनी ती ओल्या ब्रशने, सांगते ना, पाऊण तास लावून सोडवली, मी दोन चहा प्यायले तेवढ्यात. पट्टीखालून अजून एक ओळ निघाली, त्याच अक्षरात, ‘विचारले. ओल्या नारळाची कवड शेजारी ठेवावी.’

आमची आजी मटणाच्या भांड्याच्या झाकणावर नेहमी खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. आई पण ठेवते. मी विचारलं तर म्हणायची चांगलं असतं, ठेवायचं, प्रश्न विचारू नये. मी लग्नानंतर बंद केलं होतं, झाकण घसरतं म्हणून.

काकांनी विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं, तर म्हणाले मग ही पट्टी पण ठेवतो पाकिटात, आणि खरंच ठेवली. त्या पाकिटात अजून काय काय आहे: एक ट्रामचं तिकीट, मेणाचा थेंब, किड्याने कुरतडलेले कण, चामड्याचा भुगा. आमच्यात देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, साठवतात आणि मग पुरतात, हे मी त्यांना सांगणार होते, पण त्यांना सांगायची वेळच आली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या आता विसर्जन करून टाक गं, पोथी जीर्ण झाली की करतात. भावना तीच.

खर्च: १४,५०० रुपये, त्यात आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी आणि धुतलेल्या मांजरपाटाचं बासन. लाल कापड नको म्हणाले, मुंबईच्या दमटपणात रंग सुटतो. पुस्तक आडवं ठेवायचं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पंख्याखाली पंधरा मिनिटं उघडायचं, डांबरगोळ्या जवळ नकोत. आतेभाऊ पुस्तक तिकडे पाठव म्हणून मागे लागलाय, पण शंभर वर्षांवरच्या वस्तू बाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, तेव्हा सध्या त्याला फोटोच.

अर्धा स्टार का कापला: दोन महिने सांगून सहा महिने लावले. जुलै-ऑगस्टमध्ये खळ वाळत नाही, बुरशी धरते, म्हणून हात लावत नाहीत, हे मान्य, पण मग जूनमध्येच सांगा ना! फोन उचलत नाहीत, मेसेजवर निळी टिक येते नि पुढे काही नाही, मी चार वेळा चाळीचे जिने चढले. पावती मागितली तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दिली. आणि कणा दिसायला फार काही भारी नाहीये, जुनं तपकिरी आणि नवं तपकिरी वेगळं दिसतं. मी म्हणलं थोडा रंग मारा. म्हणाले, ‘कुठलं माझं नि कुठलं त्यांचं ते कळू दे.’

आजीचं प्रार्थनेचं पुस्तक पण आता त्यांच्याकडे दिलंय, कव्हर सुलटं करायला. कापलेली अक्षरं परत येणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. दिवाळीपर्यंत म्हणालेत, म्हणजे होळी धरून चालायचं.